बेसनाचा लाडू की खजुराचा?

आईला मधुमेह झाल्यापासून दिवाळीत आमच्याकडे लाडवांचे दोन डबे भरतात. खजूर-सुकामेव्याच्या लाडवात वरून साखर नाही, तूपही जेमतेम चमचाभर. पण त्याला ‘बिनसाखरेचा’ म्हणणं मला पटत नाही. 100 ग्रॅम खजुरात साधारण 65 ग्रॅम साखर असतेच. त्यातल्या चोथ्यामुळे आणि बदाम-अक्रोडामुळे ती रक्तात जरा सावकाश उतरते, इतकंच. बेसनाच्या लाडवात पिठीसाखर आणि तूप दोन्ही सढळ. तरी मंद आचेवर भाजलेल्या बेसनाचा खमंग वास घरभर सुटला की आईचा चेहरा किती खुलतो! म्हणून तिच्यासाठी मी बेसनाचेच वळते, पण सुपारीएवढे, आणि जेवणानंतर एकच. खजुराचा हवा असेल त्या दिवशी तोही अर्धाच.