एचडी सांगून डीडी फ्लॉप्या गळ्यात मारल्या, ₹६,८०० गेले

बेळगावच्या उद्यमबागेत ज्यांची जुनी सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारी) मशीनं अजून फ्लॉपीवरून प्रोग्राम घेतात, त्यांनी हे वाचाच. साडेतीन इंची एचडी (हाय डेन्सिटी, १.४४ एमबी) म्हणून चार बॉक्स घेतले, बॉक्सला ₹१,७००. निघाल्या ७२० केबीच्या डीडी (डबल डेन्सिटी) फ्लॉप्या, कोपऱ्यात ड्रिलनं भोक पाडलेल्या!

ड्राइव्ह त्या भोकावरूनच एचडी ओळखतो. भोक सापडलं की १.४४ एमबी धरतो: ट्रॅक (तबकडीवरची गोल वर्तुळं) तेच ८०, पण प्रत्येकावर ९ ऐवजी १८ सेक्टर (डाटाचे तुकडे). डीडीचा चुंबकीय लेप एवढ्या दाट बिटांसाठी बनलेलाच नसतो. सव्वापाच इंचीत हे लगेच उघडं पडतं, कारण ३६० केबीचा (डीडी) लेप ३०० ऑर्स्टेडच्या (चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपास आणि १.२ एमबीचा (एचडी) ६०० च्या. साडेतीन इंचीत फरक थोडा, म्हणून आज लिहिलेलं आज वाचलंही जातं. मग सेक्टर जायला लागतात, बहुधा आतल्या ट्रॅकवर आधी, कारण तिथं घेर लहान. मशीन प्रोग्राम अर्ध्यात सोडतं, जॉब (मशीनवर चढवलेला भाग) भंगारात जातो.

विक्रेत्यानं समोर फॉरमॅट करून १४,५७,६६४ बाइट दाखवले. हा आकडा पाहून कोण शंका घेईल? पण भोकाची कड तेव्हाच अंगठ्याला टोचत होती. कारखान्यातलं भोक चौकोनी आणि साफ असतं. हे गोल, कडेला प्लॅस्टिकची कुसळं. फ्लॉपीच्या सरकत्या शटरशेजारी एचडीची खूणही नव्हती. "जुना स्टॉक, छपाई पुसली जाते," म्हणे! तिथंच पैसे थांबायला हवे होते.

पोलीस म्हणतात, माल मिळाला ना, मग फसवणूक कसली? अर्ज मराठीत, तर कन्नडमध्ये आणा. कन्नडमध्ये दिला, तर विक्रेता कोल्हापूरकडचा, तिकडं जा. तिकडं म्हणतात, पैसे बेळगावातून गेले, तिकडंच जा. सीमेवर राहणाऱ्यानं तक्रार करायची तरी कुठं? दोन राज्यांच्या टेबलांमध्ये कागद फिरवायचे आणि चोरानं दुकान चालवायचं! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं राहत्या ठिकाणी तक्रार करता येते, हे एकानंही सांगितलं नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. पक्क्या बिलावर "एचडी, १.४४ एमबी" लिहून घ्या, नुसतं "फ्लॉपी" चालणार नाही.

असा माल आलाच असेल तर डाटा आधी दुसरीकडे काढा. नंतर फ्लॉपी चुंबकानं पुसा, भोकावर काळी अपारदर्शक पट्टी लावा आणि ७२० ला फॉरमॅट करा. पारदर्शक पट्टी नको, काही ड्राइव्ह भोक उजेडावर ओळखतात. पट्टी घट्ट बसवा, आत सुटली तर हेडला चिकटते. मशीन ७२० वाचत नसेल, तर त्या फ्लॉप्या कामाच्या नाहीत.