मास इफेक्ट: जुना पहिला भाग की लेजेंडरी एडिशन?

चकचकीत चेहरे आणि 4के ग्राफिक्स जरा बाजूला ठेवू. मास इफेक्ट या अंतराळातल्या गेम-मालिकेचे तिन्ही भाग एकत्र करून 14 मे 2021 रोजी आलेल्या लेजेंडरी एडिशनचे पैसे वसूल होतात ते पहिल्या भागात, आणि तेही लढाईत. दुसरा भाग (2010) आणि तिसरा (2012) आधीच हाताला बरे होते, नव्या आवृत्तीत त्यांना फारसं छेडलेलं नाही. त्यामुळे जुने दुसरा-तिसरा भाग लायब्ररीत पडलेच असतील, तर प्रश्न एवढाच उरतो: पहिल्या भागासाठी पुन्हा पैसे घालायचे का? आमचं उत्तर हो.

मूळ पहिला भाग 2007 मध्ये एक्सबॉक्स 360 वर आणि 2008 मध्ये पीसीवर आला. त्यात बंदूक रोल-प्लेइंगच्या हिशोबाने चालते. तुमचा नेम अचूक असला तरी गोळी कुठे लागणार, हे शेपर्डच्या, म्हणजे तुमच्या नायकाच्या, कौशल्यात किती गुण टाकलेत त्यावर ठरतं. सुरुवातीच्या लेव्हलला असॉल्ट रायफलचं नेमाचं वर्तुळ जेवणाच्या ताटाएवढं पसरतं. स्नायपर डोळ्याला लावली की डोलायला लागते, आणि तिचं ट्रेनिंग नसलेल्या क्लासच्या (सुरुवातीला निवडलेल्या सैनिक-प्रकाराच्या) हातात ती असून नसल्यासारखीच. नव्या आवृत्तीत स्नायपरचं डोलणं काढलंय, वर्तुळ आवाक्यात आणलंय, नेम धरताना कॅमेरा खांद्याजवळ येतो. कोणताही क्लास कोणतीही गन वापरू शकतो. त्या गनचे खास गुण मात्र ठरलेल्या क्लासलाच वाढवता येतात. पूर्वी काही शत्रूंना हेडशॉटचा जादा फटका बसतच नसे, आता बसतो.

पहिल्या भागात काडतुसं संपत नाहीत, गन तापते. तापमानाची पट्टी भरत आली की बोट उचलायचं आणि छोट्या-छोट्या फैरी झाडायच्या. पट्टी पूर्ण भरली की गन काही सेकंद ठप्प. हे दोन्हीकडे तसंच आहे. कोणती गन किती वेळात तापते आणि किती वेळात थंड होते, तेवढं नव्याने बसवलंय. नवखे खेळाडू इथे एक चूक हमखास करतात. डॅमेजचा मोठा आकडा बघून शॉटगनला हाय एक्स्प्लोझिव्ह राउंड्स लावतात आणि पहिल्याच गोळीला गन तापून बंद पडते. शत्रूनेही सॅबोटाज ही गन ठप्प करणारी पॉवर (विशेष शक्ती) टाकली की तीच गत. उपाय म्हणजे गनच्या अपग्रेडच्या जागी फ्रिक्शनलेस मटेरियल्स. दोन जागा असलेल्या स्पेक्टर रायफलला असे दोन चांगल्या दर्जाचे लावले, की तापण्याचा विषयच संपतो.

जुन्या आवृत्तीतला सगळ्यात वैताग म्हणजे हातघाई. त्यासाठी वेगळं बटणच नव्हतं. क्रोगन जातीचा धिप्पाड परग्रहवासी धावत अंगावर आलाय, शॉटगन त्याच्या छातीला टेकलीये, तुम्ही फायर दाबता आणि शेपर्ड गोळीऐवजी ठोसा मारतो! शत्रू एका ठरावीक अंतराच्या आत आला की खेळ परस्पर ठरवायचा. आता ठोशाला स्वतंत्र बटण आहे. लढाईबाहेर पळणंही आता खरोखरचं पळणं झालंय. त्यासाठी सिटाडेल या अवकाशस्थानकाच्या लांबलचक वाटांवर फिरणारे दुवा देतील. दोन साथीदारांना वेगवेगळे हुकूम देता येतात, म्हणजे रेक्सला पुढे घालून गॅरसला मागच्या कव्हरमध्ये ठेवता येतं. पीसीवर कंट्रोलर थेट चालतो. मूळ पीसी आवृत्तीत ती सोयच नव्हती.

मेको या सहा चाकी गाडीची आता निदान चेष्टा होत नाही. जुनी मेको दगडाला चाक लागलं तरी उडायची आणि तोफ जवळच्या खालच्या शत्रूवर रोखायला जमायचं नाही. नवीला वजन आलंय, मागचे थ्रस्टर दाबून चढ चढता येतो, शील्ड लवकर भरतं. लाव्हाला चाक लागलं की पूर्वी मिशनच संपायचं, आता नुकसान होत राहतं आणि बाहेर पडायला वेळ मिळतो. गाडीतून मारलेल्या शत्रूंचे गुण कापले जात, तेही बंद झालं.

तिढा एकच. या सगळ्यामुळे पहिला भाग सोपा झालाय. इम्युनिटी ही बचावाची पॉवर पूर्वी जवळजवळ कायम चालू ठेवता यायची, आता ती थोडा वेळच पण जोरात चालते. तरीही एकूण पारडं खेळाडूकडेच झुकतं. शूटर गेमची सवय असेल तर नॉर्मल या काठिण्यपातळीच्या वाटेला जाऊ नका, थेट व्हेटरन किंवा हार्डकोअर घ्या.

दुसऱ्या भागात गेल्यावर हात अडखळतो, कारण तिथे नियमच बदलतात. गनला थर्मल क्लिप (काडतुसांसारख्याच, संपणाऱ्या) लागतात, बसायचं बटण गायब होतं आणि एक पॉवर वापरली की सगळ्या पॉवर एकदम कूलडाउनला जातात, म्हणजे थोडा वेळ वापरता येत नाहीत. शत्रूवर शील्ड, बॅरियर किंवा आर्मर असेपर्यंत त्याला बायोटिक पॉवरने हवेत उचलता येत नाही. आधी ते थर सोलायचे. क्लिप कमी पडण्याची जुनी तक्रार नव्या आवृत्तीत बरीच मिटलीये. तिसऱ्या भागात कोलांटी, हातघाईचं पातं ओम्नी-ब्लेड आणि गनचं वजन येतं. भार जितका कमी, तितक्या पॉवर लवकर परततात, म्हणून पॉवरवरच लढणाऱ्या अ‍ॅडेप्टने एक हलकं पिस्तूल घेऊन फिरावं. लढाई तिन्हींत इथलीच सर्वात चपळ. अडचण एकच, पीसीवर पळणं, कव्हर, कोलांटी, दार उघडणं असं सगळं एकाच कीवर कोंबलेलं आहे. जखमी साथीदाराला उठवायला जावं तर शेपर्ड शेजारच्या भिंतीला चिकटतो. कंट्रोलरवरही तोच घोळ. मल्टिप्लेअर नव्या आवृत्तीत नाही. त्यासाठी जुना तिसरा भाग ठेवावा लागेल.

एएमडी प्रोसेसरवाल्यांनी जुन्या पहिल्या भागाच्या फंदात पडूच नये. नोव्हेरिया आणि आयलॉस या ग्रहांवर माणसांच्या जागी काळे ठोकळे दिसतात. एएमडीच्या बुलडोझर पिढीच्या आणि त्यानंतरच्या चिपवरचा तो ठरलेला दोष आहे आणि बाहेरचा पॅच टाकल्याशिवाय जात नाही.

आता नाशिकपुरतं. पीसीवर 120 जीबी मोकळी जागा हवी. 100 एमबीपीएस लाइनवर एवढं उतरायला किमान 2 तास 40 मिनिटं, 40 एमबीपीएसवर पावणेसात तास. रोजच्या 2 जीबीच्या मोबाइल डेटावर दोन महिने लागतील, तेव्हा विचारही करू नका. स्टीमवर घेतलं तरी ईए अ‍ॅप लागतंच. 8 जीबी रॅम आणि जीटीएक्स 760 ग्राफिक्स कार्डवर चालतं, 16 जीबी आणि 1070 असेल तर उत्तम. एप्रिल-मेच्या उन्हात कार्डच्या सेटिंगमधून फ्रेम रेट 60 वर बांधा. खेळ 240 पर्यंत जाऊ शकतो, पण कार्ड तापवून पदरात काही पडत नाही.

मेअखेरच्या वळवाच्या पावसात सिडको असो की पंचवटी, वीज कधीही जाते, आणि लढाई चालू असताना सेव्ह करता येत नाही. पहिल्या भागात ऑटोसेव्ह वाढवलेत, पण त्यावर विसंबू नका. दार उघडण्याआधी झटपट सेव्हचं एफ6 दाबायची सवय लावा. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅट देतो. मोठं कार्ड पूर्ण जोरात चालू असेल तर तो कमी पडू शकतो, तिथे 1000 व्हीए घ्या. कॅफेत आणि घरी आलटूनपालटून खेळणाऱ्यांनी डॉक्युमेंट्समधल्या बायोवेअर फोल्डरात मास इफेक्ट लेजेंडरी एडिशन, त्याच्या आत सेव्ह, हे फोल्डर निघताना पेनड्राइव्हवर घ्यावं. तिन्ही भागांचे सेव्ह त्यातच असतात.