क्रूपच्या खोकल्यासाठी घेतलेला ह्युमिडिफायर

मुलाला क्रूप हा श्वासमार्गाचा आजार झाला की घरोघरी सर्वांत आधी वाफ आठवते आणि थंड तुषार सोडणारे अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायर याच समजुतीवर खपतात. आम्ही घेतलेल्या यंत्राच्या खोक्यावरही ‘क्रूपमध्ये तात्काळ आराम’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. यंत्र वाईट नाही, पण ती ओळ मात्र पटण्यासारखी नाही.

क्रूपमध्ये विषाणूमुळे, बहुधा पॅराइन्फ्लुएन्झामुळे, स्वरयंत्राच्या लगेच खालचा श्वासमार्ग आतून सुजतो. लहान मुलांत, विशेषतः सहा महिने ते तीन वर्षे या वयात, तो मुळातच अरुंद असल्याने थोड्याशा सुजेनेही आवाज घोगरा होतो, भुंकल्यासारखा खोकला येतो आणि श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज निघतो. हवेतला ओलावा वाढवून ही सूज उतरत नाही. रुग्णालयांत दमट हवा देऊन झालेल्या चाचण्यांतही मुलांना म्हणावा तसा फायदा दिसलेला नाही. सूज कमी करते ते डॉक्टरांनी वजनानुसार दिलेले डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध, आणि त्याचा बहुधा एकच डोस पुरतो. उलट, बाहेरच्या थंड हवेत अर्धा तास ठेवल्याने सौम्य ते मध्यम लक्षणे कमी झाल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले आहे, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

मग यंत्राचा उपयोग काय? खोलीतली हवा कोरडी असेल, तर चोंदलेल्या नाकाला त्याने बरे वाटते. टाकीतून पाणी उतरताना होणारी गुडगुड सोडली, तर ते जवळजवळ निःशब्द चालते. मूल रडले की श्वास आणखी अडतो, त्यामुळे त्याला मांडीवर ताठ बसवून शांत ठेवणे हीच घरची खरी शुश्रूषा असते आणि तिथे हा निःशब्दपणा उपयोगी पडतो. पाणी उकळून गरम वाफ देणाऱ्या यंत्रांत भाजण्याचा धोका असतो, तो इथे नाही.

तक्रार आहे ती टाकीच्या तोंडाची. ते इतके अरुंद आहे की आत हात जात नाही, आणि टाकी तर रोज रिकामी करून घासून कोरडी करावी लागते. नाहीतर आत बुळबुळीत थर धरतो आणि तेच जंतू तुषारांबरोबर खोलीभर पसरतात. क्षारयुक्त पाणी वापरले, तर सामानावर पांढरी भुकटी बसते, म्हणून डिस्टिल्ड पाणीच वापरावे.

माहितीपुस्तिकेत धोक्याच्या खुणांचा मात्र उल्लेखही नाही. मूल शांत बसलेले असतानाही श्वासाचा कर्कश आवाज येत असेल, बरगड्यांमधली त्वचा आत ओढली जात असेल, ओठ निळसर पडले असतील किंवा गिळता न आल्याने लाळ गळत असेल, तर यंत्र तसेच सोडून तत्काळ रुग्णालय गाठावे.

ज्यांना कोरड्या हवेचाच त्रास आहे, त्यांनी रुंद तोंडाच्या टाकीचे यंत्र पाहावे. केवळ क्रूपसाठी हे विकत घेऊ नये.