किडनी अधू असताना हृदयाचा धोका कशावर मोजायचा?

मूत्रपिंडाचा जुनाट आजार निघाला की घरात पहिली धास्ती असते ती डायलिसिसची. प्रत्यक्षात तिसऱ्या टप्प्यातल्या, म्हणजे ईजीएफआर (किडनी दर मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा अंदाजी आकडा) ३० ते ५९ असलेल्या बहुतेकांना डायलिसिसपेक्षा हृदयाचाच धोका मोठा असतो. तो मोजायला, म्हणजे पुढच्या दहा वर्षांत हार्ट अटॅकसारखं काही होण्याची टक्केवारी काढायला, हाताशी बरीच साधनं आहेत: अमेरिकेचं प्रिव्हेंट, ब्रिटनचं क्यूरिस्क३, डब्ल्यूएचओचा रंगीत तक्ता, युरोपचं स्कोअर२ आणि अजूनही काही ॲपमध्ये ठाण मांडून बसलेलं फ्रॅमिंगहॅम. एकाच माणसाची माहिती पाचही ठिकाणी भरली तर पाच वेगळे आकडे येतात.

पण साधन निवडण्याआधी, आकड्याची गरज आहे का ते बघा.

आकडा कुणाला लागतो, कुणाला नाही

वय ५० किंवा जास्त, किडनीचा जुनाट आजार आहे, पण डायलिसिस किंवा प्रत्यारोपण झालेलं नाही: अशांना 'केडीगो' या किडनीच्या आजारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचना थेट स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) सुचवतात. टक्केवारी काढत बसायचं कारण नाही. ब्रिटनची 'नाइस' ही संस्था तर स्पष्टच सांगते की ईजीएफआर ६० च्या खाली असेल किंवा लघवीत अल्ब्युमिन हे प्रोटीन जात असेल तर धोका मोजायचं साधन वापरूच नका, ॲटोर्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम सुचवा. म्हणजे क्यूरिस्क३ ज्या देशात जन्मलं, तिथेच ते किडनीच्या रुग्णांसाठी बाजूला ठेवलं आहे.

१८ ते ४९ वयात मात्र आकडा कामाचा. इथे मधुमेह, आधीचा हृदयविकार, रक्ताची गुठळी होऊन झालेला पक्षाघात, किंवा दहा वर्षांतला हार्ट अटॅकचा अंदाज १० टक्क्यांवर, यांपैकी काहीतरी असल्यावरच केडीगो स्टॅटिन सुचवते.

डायलिसिसवर असणाऱ्यांसाठी यातलं एकही साधन धरू नये. जर्मनीतल्या फोर-डी चाचणीत (१,२५५ रुग्ण, ॲटोर्व्हास्टॅटिन) आणि नंतरच्या ऑरोरा चाचणीत (२,७७६ रुग्ण, रोसुव्हास्टॅटिन) डायलिसिसवर नव्याने स्टॅटिन सुरू करून ठरवलेल्या मुख्य निकषावर फायदा सिद्ध झाला नाही. आधीपासून चालू असेल तर ते बंद करायला सांगत नाहीत. शिवाय डायलिसिसवर कोलेस्टेरॉल कमी दिसणं हे बऱ्याचदा कुपोषण आणि शरीरातल्या दाहाचं (इन्फ्लमेशनचं) लक्षण असतं. सूत्राला ते कळत नाही, ते बिचारं धोका कमी झाला असं समजतं.

ज्यांना हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला आहे त्यांनाही ही साधनं लागू नाहीत. ते आधीच वरच्या गटात असतात.

एकच बाई, वेगवेगळी साधनं

४२ वर्षांची स्त्री, मधुमेह नाही, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.४. रिपोर्टवर १.४ शेजारी छोटा बाण असतो आणि "थोडं वाढलंय" म्हणून विषय संपतो. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून ईजीएफआर काढणाऱ्या २०२१ च्या सीकेडी-एपीआय सूत्राने तिचा ईजीएफआर येतो ४८. त्याच वयाच्या पुरुषाचं क्रिएटिनिन तेवढंच असेल तर येतो ६४. तेव्हा क्रिएटिनिनवरून नव्हे, ईजीएफआरवरून बोलायचं. आता समजा, तिचा लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे एसीआर, ९०० मिलिग्रॅम प्रतिग्रॅम आहे.

डब्ल्यूएचओचा २०१९ चा दक्षिण आशियासाठीचा तक्ता विचारतो वय, लिंग, सिगारेट-बिडी, वरचं बीपी, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल. कोलेस्टेरॉल नसेल तर दुसरा तक्ता वापरतात, त्यात कोलेस्टेरॉल आणि मधुमेह या दोन्हींऐवजी बीएमआय. किडनीचं नावही नाही. या बाईची किडनी आणि तिच्या धडधाकट बहिणीची किडनी तक्त्याला सारखीच. गावात शिबिर लावून शंभर माणसांतून तपासणीला कुणाला पाठवायचं हे ठरवायला तो उत्तम आहे, कारण तो आपल्या भागासाठी जुळवून घेतलेला आहे आणि कागदावर चालतो. किडनीचा आजार ठाऊक असलेल्या माणसासाठी तो नाही.

क्यूरिस्क३ (२०१७, वय २५ ते ८४) किडनीबद्दल विचारतं, पण फक्त हो की नाही: टप्पा ३, ४ किंवा ५ आहे का? ईजीएफआर ५९ असो की १८, खूण तीच. ९०० चा एसीआर टाकायला जागाच नाही. स्टॅटिन आधीच चालू असेल तर हे साधन लागू नाही. हृदय निकामी होण्याचा, म्हणजे हार्ट फेल्युअरचा, अंदाज ते देत नाही. जमेची बाजू मोठी आहे मात्र: वंशाच्या रकान्यात 'भारतीय' असा वेगळा पर्याय आहे, संधिवात (ऱ्हुमॅटॉइड), ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), स्टिरॉइडच्या गोळ्या, साठीच्या आत घरात कुणाला हृदयविकार, हेही विचारलं जातं. ल्युपसमुळे किडनी गेलेल्या तरुण मुलीसाठी हे रकाने मोलाचे. पोस्टकोडचा, म्हणजे ब्रिटनमधल्या पत्त्याचा, रकाना आपण रिकामा सोडायचा.

प्रिव्हेंट (२०२३, वय ३० ते ७९) हे अमेरिकन हार्ट असोसिएशनचं, साठ लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवर बांधलेलं. इथे ईजीएफआर हा मूळ रकाना आहे आणि पूर्ण आकडा टाकायचा असतो. एसीआर आणि एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ऐच्छिक. स्टॅटिन आणि बीपीची गोळी चालू आहे का, तेही विचारतात. उत्तर तीन भागांत येतं: एकूण धोका, रक्तवाहिन्या तुंबण्याचा धोका आणि हार्ट फेल्युअरचा वेगळा. किडनीच्या रुग्णाला हा तिसराच जास्त उपयोगी. किडनी बिघडली की पाणी साठतं, बीपीमुळे डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, रक्त कमी होतं, आणि हृदय तुंबण्याआधी थकतं.

आणखी एक. ४२ व्या वर्षी दहा वर्षांचा आकडा जवळपास कुठल्याही साधनात लहानच येतो, कारण सूत्रात वयाचं वजन सगळ्यांत जास्त. प्रिव्हेंट ३० ते ५९ वयासाठी तीस वर्षांचाही अंदाज देतं, आणि या बाईच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलायला तोच पुढे ठेवावा.

उणीव अशी की माहिती अमेरिकेतली आहे आणि वंश विचारलाच जात नाही. दक्षिण आशियाई असणं हे धोका वाढवणारं कारण म्हणून २०१८ च्या अमेरिकन कोलेस्टेरॉल सूचनांतच नोंदलेलं आहे, तेव्हा आलेला आकडा आपल्याकडे किमान समजावा. ईजीएफआर १५ च्या खाली ते चालत नाही. आणि जुन्या अमेरिकन सूत्रापेक्षा याचे आकडे बरेच कमी येतात. दोन वर्षांपूर्वीचा कागद आणि आजचा कागद शेजारी ठेवून "धोका निम्मा झाला" म्हणू नये.

स्कोअर२ युरोपातल्या देशांसाठी जुळवलेलं, मूळ रूपात ईजीएफआर न विचारणारं, आपल्याकडे टाळावं. फ्रॅमिंगहॅम तर सोडूनच द्यावं, किडनीच्या रुग्णांत ते धोका कमी दाखवतं.

आमचा कौल: ईजीएफआर १५ च्या वर असेल तर प्रिव्हेंट, आणि तेही एसीआर टाकूनच. घरात लवकर हृदयविकार, संधिवात किंवा ल्युपस असेल आणि स्टॅटिन सुरू नसेल तर जोडीला क्यूरिस्क३.

गडबड होते ती रकान्यांत

लॅबच्या रिपोर्टवर नुसतं 'मायक्रोअल्ब्युमिन, मिलिग्रॅम प्रतिलिटर' असेल तर तो एसीआर नाही. 'प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो ०.८' हाही एसीआर नाही, ते सगळं प्रोटीन झालं. मिलिग्रॅम प्रतिमिलिमोलमध्ये असेल तर ८.८४ ने गुणा: ३ म्हणजे साधारण ३०. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा. ताप, मासिक पाळी, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीची जोरकस कसरत असेल तर आकडा फुगतो.

जुलाब, उलट्या किंवा वेदनाशामक गोळ्यांनी क्रिएटिनिन अचानक चढलं असेल तर त्या आठवड्यात काहीच मोजू नये. आधी ते स्थिरावू द्यावं. आदल्या रात्री मटण झालं असेल तरी क्रिएटिनिन थोडं वर जातं. उलट अंगात मांस नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं क्रिएटिनिन फसवं चांगलं दिसतं. तिथे सिस्टॅटिन-सी ही अंगातल्या मांसावर फारशी अवलंबून नसलेली रक्ततपासणी खरं काय ते सांगते. नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये (लघवीतून खूप प्रोटीन जातं तो आजार) कोलेस्टेरॉल ४०० वर जाऊ शकतं आणि प्रोटीन जाणं थांबलं की उतरतं, म्हणून तो आकडा घालून काढलेली टक्केवारी टिकाऊ नसते.

औषधाच्या मात्रेतही घोळ होतो. क्रिएटिनिन क्लिअरन्स ३० च्या खाली असेल तर रोसुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅमने सुरू करतात आणि १० च्या पुढे नेत नाहीत. चिठ्ठीवर २० दिसलं तर डॉक्टरांना विचारा.

मधेच लटकलेल्यांसाठी

आकडा ना इकडचा ना तिकडचा असेल तर कॅल्शियम स्कोअरचा, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत किती कॅल्शियम साठलंय ते मोजणारा, सीटी स्कॅन करता येतो. त्यात डाय टोचत नाहीत, त्यामुळे किडनीची भीती नाही. मात्र किडनीच्या आजारात कॅल्शियम रक्तवाहिनीच्या मधल्या थरातही बसतं, म्हणून मोठा स्कोअर म्हणजे ब्लॉकेजच असं नाही. पट्ट्यावर चालवून करायची टीएमटी इथे कमी भरवशाची. जाड झालेल्या डाव्या कप्प्यामुळे ईसीजीची रेघ आधीच वाकडी असते.

ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं) आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की वाढतं) किडनीच्या रुग्णांत एरवीही चढलेले असू शकतात. तब्येत ठीक असताना एकदा दोन्ही करून रिपोर्ट फाइलीत वरच लावून ठेवावा. पुढे कधी छातीत दुखून रात्री कॅज्युअल्टीत जावं लागलं, तर तिथला डॉक्टर तीन तासांच्या अंतराने केलेल्या दोन ट्रोपोनिनसोबत हा जुना आकडाही बघेल.