लंडननंतरचं बिऱ्हाड: बाथ की यॉर्क?

लंडन सगळेच करतात, त्यावर नव्याने सांगण्यासारखं काही नाही. खरा प्रश्न त्यानंतरचा. दोघांनीच जायचं, गाडी भाड्याने घ्यायची नाही, रोज बॅगा उपसायच्या-भरायच्या नाहीत, एकाच गावात चार-पाच रात्री बिऱ्हाड टाकायचं आणि तिथून ट्रेनने आसपास हिंडायचं, असं ठरलं की यादी आपसूक आखडते. ऑक्सफर्ड, केंब्रिज लंडनहून सकाळी जाऊन रात्री परतण्याजोगी. मँचेस्टर, लिव्हरपूल फुटबॉलवेड्यांसाठी. शेवटी बहुतेकांचं घोडं अडतं ते दोन नावांवर: पश्चिमेचं बाथ आणि उत्तरेचं यॉर्क.

आम्ही दोन्हीकडे राहून आलोय. दोघंही पन्नाशी ओलांडलेले, हिचा उजवा गुडघा कुरकुरणारा, मला आगगाड्यांचं वेड आणि दुपारी जेवल्यावर आडवं व्हायची सवय. हे आधीच सांगतो, कारण पुढची सगळी मतं त्यातूनच आली आहेत. तुमचे गुडघे धड असतील तर हिशेब वेगळा निघू शकतो.

दिसण्याच्या बाबतीत बाथ पुढे आहे, आणि थोडंथोडकं नाही. सगळं गाव एकाच मधाळ रंगाच्या दगडात बांधलेलं. रॉयल क्रेसेंट ही तीस घरांची अर्धचंद्राकार ओळ १७६७ ते १७७४ या काळात उभी राहिली. समोरच्या हिरवळीवर बसून तिचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही मागच्या गल्लीतही एक चक्कर मारा. वास्तुकार धाकट्या जॉन वुडने दर्शनी बाजू तेवढी एकसारखी आखली, मागे ज्याने त्याने आपल्या मर्जीने बांधून घेतलं. त्यामुळे मागून खिडक्या वरखाली, कुठे खोली बाहेर आलेली, कुठे भिंत आत गेलेली. हिला पुढच्या बाजूपेक्षा ही मागचीच जास्त आवडली.

रोमन बाथ्सचं, म्हणजे रोमन काळातल्या गरम झऱ्यावरच्या स्नानगृहाचं, तिकीट महाग आहे, शनिवार-रविवारी तर आणखी, पण ते चुकवू नये. जमिनीतून ४६ अंशांचं पाणी येतं, दिवसाला अकरा लाख लिटरहून जास्त. मोठ्या तलावाभोवतीचे खांब बघून लोक भारावतात. पण रोमन आहेत ते खांबांचे पायथे. वरचं बांधकाम, गच्चीवरचे पुतळे, सगळं एकोणिसाव्या शतकातलं. पाण्याचा हिरवा रंगही शेवाळाचा. रोमन काळी वर छप्पर होतं, ऊन पोचत नव्हतं.

मला तिथे खिळवून ठेवलं ते शिशाच्या छोट्या पत्र्यांनी. कुणाचं काही चोरीला गेलं की तो माणूस पत्र्यावर तक्रार कोरून घ्यायचा, पत्रा दुमडायचा आणि सुलिस मिनर्व्हा देवीच्या झऱ्यात टाकायचा. असे सव्वाशेच्या वर पत्रे सापडलेत. डोकिलियानस नावाच्या एकाचा टोपीवाला झगा गेला होता. चोर पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र, त्याला झोप लागू देऊ नकोस, मूलबाळ होऊ देऊ नकोस, असं त्याने देवीला सांगितलंय. आमचं मूळ गाव कोकणातलं, तेव्हा हा प्रकार लगेच ओळखीचा वाटला: हे तर देवळातलं गाऱ्हाणं! फरक एवढाच की आपल्याकडे ते मोठ्याने घालतात, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. काचेसमोर वाकून एकेक मजकूर वाचण्यात माझा चांगला तास गेला.

त्या जुन्या पाण्यात हात घालायची सोय नाही. १९७८ साली पाण्यात घातक अमीबा सापडल्यापासून तिथली आंघोळ बंद आहे. मात्र पलीकडेच २००६ साली सुरू झालेलं थर्मी बाथ स्पा आहे. तिथे त्याच झऱ्यांचं पाणी शुद्ध करून गच्चीवरच्या तलावात सोडतात. पोहायचे कपडे घरून न्या आणि लाज लंडनलाच ठेवा. दोघांनी मिळून करण्यासारखी इतकी चांगली गोष्ट यॉर्कमध्ये नाही, हे मान्य करायला हवं.

मग घोडं पेंड खातं कुठे? चढावर.

बाथ वाटीसारखं वसलंय. नदी, स्टेशन, ॲबी, रोमन बाथ्स सगळं तळाशी. तळाशी राहायचं तर हॉटेलचे दर ऐकूनच घाम फुटतो. खिशाला परवडणाऱ्या खोल्या चारी बाजूंच्या उतारांवर. आमची खोली लॅन्सडाउनच्या बाजूला होती. नकाशावर स्टेशनपासून पंचवीस मिनिटं. पण नकाशाला चढ दिसत नाही. चाकांची बॅग सपाटीवर लेकरासारखी मागे येते, त्या रस्त्यावर ती उलट खाली ओढते. शिवाय फरसबंदीच्या फटींत चाक अडकतं आणि मनगट पिरगळतं. घर जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकातल्या धाटणीचं, सुंदर, संरक्षित इमारत, म्हणून लिफ्ट बसवता येत नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर. एके काळी वर नोकरचाकर राहायचे, त्यामुळे दर मजल्यागणिक जिना अरुंद होत जातो. शेवटच्या वळणावर बॅग आडवी धरून, आधी ती आणि मग मी, असे वर पोचलो. मालकीणबाईंचा स्वभाव आणि नाश्ता दोन्ही उत्तम, त्यांच्याविषयी तक्रार नाही.

बॅग काय, जाता-येता दोनदाच ओढायची. खरी अडचण रोज दुपारी यायची. तिकडचा उन्हाळ्यातला दिवस आपल्या अंदाजाबाहेर लांब असतो. जूनच्या अखेरीस सूर्य मावळतो साडेनऊला, आणि बहुतेक म्युझियमं बंद होतात पाचला, दुकानं फार तर सहापर्यंत. म्हणजे पाच ते साडेनऊ हा दिवसाचा सगळ्यात सुंदर भाग तिकिटाशिवाय, गर्दीशिवाय, नुसता फिरायला मोकळा. पण सकाळी नऊला बाहेर पडलेला माणूस तोवर पायावर उभा राहायला हवा ना! त्याला उपाय एकच, वामकुक्षी. आणि वामकुक्षीसाठी खोली हाकेच्या अंतरावर हवी, सपाट रस्त्याने.

बाथमध्ये एकदा सकाळी खाली उतरलो की मधेच वर जायचं नाव कोणी काढत नसे. चार वाजता दोघंही शिणलेले, कॉफीशॉपमध्ये बसण्यापुरती कॉफी घ्यायची, आणि जेमतेम कारणावरून शब्दाला शब्द. सहाला चढ चढून खोलीत गेलो की पुन्हा उतरायची कोणाची छाती? जुलै-ऑगस्टात रोमन बाथ्स रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवतात, कडेने मशाली पेटवतात. त्यासाठीसुद्धा आम्ही उतरलो नाही. ज्या उन्हात तो दगड खुलतो ते संध्याकाळचं ऊन आम्ही तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बघितलं. बस आहेत, टॅक्सी आहेत, हे खरंच. पण दुपारच्या झोपेसाठी टॅक्सी करणारा माणूस मी नव्हे.

यॉर्क सपाट आहे. हे वाक्य कुठल्याच माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापत नाहीत, माझ्या लेखी तेच मुख्य. स्टेशनातून बाहेर पडलो, नदीकाठाने चालत स्कारबरो पुलाच्या पायवाटेवरून पलीकडे आलो की बूथमचा भाग, तिथे गेस्टहाउसांच्या रांगाच आहेत. लिफ्ट तिथेही नव्हती, पण जिना नुसता जिना होता. दीड-दोनला परत यायचं, ताणून द्यायची, खोलीतल्या किटलीत चहा करायचा, साडेचार-पाचला ताज्या पायांनी बाहेर. दिवसाचे दोन दिवस होतात.

त्या दुसऱ्या दिवसात करायला यॉर्कमध्ये भरपूर आहे, आणि बरंचसं फुकट. मिन्स्टर, म्हणजे इथलं भव्य कॅथीड्रल, बघायला तिकीट आहे, ते दिवसा एकदा काढाच. पण बहुतेक दिवशी साडेपाचच्या सुमारास जी गायनासह प्रार्थना होते तिला कोणीही जाऊन बसू शकतं. श्रद्धेचा प्रश्न नाही, तिथला नाद ऐकण्यासारखा आहे. तिकिटाच्या वेळी पूर्वेची मोठी खिडकी बघताना छोटी दुर्बीण जवळ ठेवा. जॉन थॉर्नटन या काचकारागिराने १४०५ ते १४०८ अशा अवघ्या तीन वर्षांत ती काच पुरी केली. सृष्टीच्या उत्पत्तीपासून जगाच्या अंतापर्यंत सगळी कथा तीत आहे, आणि वरचे चौकोन नुसत्या डोळ्यांना रंगांच्या ठिपक्यांसारखे दिसतात.

मग तटबंदी. जवळजवळ साडेतीन किलोमीटर शिल्लक आहे, तिकीट नाही, अंधार पडेपर्यंत उघडी. पूर्ण फेरी मारायचा हट्ट नको. बूथम बार ते मंक बार (इथे बार म्हणजे वेस) एवढा तुकडा करा, मिन्स्टरच्या मागून जातो, खाली बागा दिसतात. आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, उंचीचं भय असलेल्यांनी बाहेरच्या भिंतीला धरून चालावं. हिचा गुडघा चढण्यापुरता बोलला, वर पोचल्यावर गप्प झाला.

आणखी एक गोष्ट जोडप्यांना कोणी सांगत नाही: सुट्टीत दोन तास वेगवेगळं फिरता आलं पाहिजे. यॉर्कमध्ये ते सहज जमतं. मी नॅशनल रेल्वे म्युझियममध्ये. प्रवेश विनामूल्य, वाफेच्या इंजिनांचा १९३८चा ताशी १२६ मैलांचा विक्रम अजून ज्याच्या नावावर आहे ते निळं मॅलार्ड तिथेच उभं, आणि जपानबाहेर ठेवलेला पहिल्या पिढीच्या शिंकान्सेन बुलेट ट्रेनचा डबासुद्धा. ही त्या वेळात शॅम्बल्समध्ये. शॅम्बल्स म्हणजे जुनी खाटिकआळी. दुकानांपुढचे मांस मांडायचे रुंद कट्टे आणि टांगायचे आकडे आजही जागेवर आहेत. दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून सकाळी लवकर किंवा सहानंतर जावं. नंतर म्युझियम गार्डन्समध्ये, सेंट मेरीज ॲबीच्या पडक्या कमानींपाशी भेटायचं. फोनचीसुद्धा गरज पडत नाही, गाव तेवढंच आहे.

यॉर्कच्या उण्या बाजू झाकत नाही. शनिवारी आसपासच्या शहरांतून लग्नाआधीच्या दारूपार्ट्या उतरतात. दुपारपासूनच गळ्यात पट्टे, डोक्यावर चमचमते मुकुट आणि मोठमोठ्याने गाणी. घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी, विशेषतः ऑगस्टात, खोल्यांचे भाव भलतेच चढतात. शाकाहारी मंडळींनी आणखी जपायचं: यॉर्कशरमध्ये चिप्स गोमांसाच्या चरबीत तळायची जुनी रीत आहे आणि बऱ्याच दुकानांत ती चालू आहे. बटाटा बघून निर्धास्त होऊ नका, कशात तळलंय ते विचारा. न लाजता सांगतात. बाथमध्ये खाण्याचा हा प्रश्न आम्हाला जाणवला नाही.

पावसाचं सांगायचं तर यॉर्क पेनाइन डोंगरांच्या पर्जन्यछायेत येतं, बाथ पश्चिमेच्या ओल्या बाजूला. जाकीट दोन्हीकडे लागतंच. माझं बाथला जास्त भिजलं, एवढंच म्हणतो.

आसपासच्या फेऱ्यांत सामना बरोबरीत सुटतो. यॉर्कहून तासाभराच्या आत डरहॅम: तिथलं कॅथीड्रल अफाट, प्रवेशाला तिकीट नाही, पण स्टेशनपासून जाताना चढ आहे, तोही सणसणीत. बाथहून ब्रिस्टल पंधरा मिनिटांच्या आसपास. भारतीयांना तिथे जायला एक खास कारण आहे: राजा राममोहन रॉय १८३३ साली तिथेच वारले. आर्नोस व्हेल दफनभूमीतली त्यांच्या समाधीवरची छत्री द्वारकानाथ टागोरांनी बांधवली. इंग्लंडातल्या त्या दगडी थडग्यांच्या गर्दीत एकदम आपल्याकडचं शिखर दिसतं. आम्ही गेलो तेव्हा कुणीतरी झेंडूसारखी पिवळी फुलं ठेवून गेलं होतं.

पैशांचं एकच सांगतो: टू टुगेदर रेलकार्ड काढा. दोघांनी मिळून प्रवास केला की तिकिटात एक तृतीयांश सूट, परदेशी पाहुण्यांनाही मिळतं. अट एवढीच की आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधीच्या गाडीला चालत नाही. लंडन-यॉर्कच्या एका फेरीतच बहुधा वसूल होतं.

तर माझं मत, पटलं तर घ्या. लंडनच्या मुक्कामातला एक दिवस बाथला द्या. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून दीड तास. बॅग नाही, क्रेसेंटपर्यंतचा एक चढ सोडला तर तळाशीच फिरायचं, रोमन बाथ्स आणि क्रेसेंट बघून रात्री परत. बाथवर हा थोडा अन्याय आहे, कबूल; पण यॉर्कला असं उरकता येत नाही, आणि उरकलं तर संध्याकाळ हातची जाते. बिऱ्हाड यॉर्कला टाका. तरुण असाल, किंवा तळाशी हॉटेल घेण्याइतका खिसा असेल, तर बाथला दोन रात्री राहून गच्चीवरच्या तलावात संध्याकाळ घालवा. हिचं मत अजूनही तिकडेच झुकतं.

खोली ठरवण्याआधी मालकांना तीन प्रश्न कळवा: कितव्या मजल्यावर, दुपारी खोलीत येता येईल का, आणि पंखा मिळेल का. तिसरा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. २०२२च्या जुलैत इंग्लंडात पारा चाळिशीपलीकडे गेला होता, आणि वरच्या मजल्यावरच्या त्या खिडक्या वीतभरच उघडतात. यॉर्कला रविवारी पोचा, शुक्रवारी सकाळी निघा.