लिब्रेक्लिनिका (स्टडीतल्या पेशंटांची माहिती भरून ठेवायचं सॉफ्टवेअर) वापरून दोन पावसाळे झाले, त्याबद्दल

आमच्याकडे तापाच्या पेशंटांचा एक स्टडी चालू आहे, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस). कोकणातल्या माणसाला लेप्टो काय ते सांगायला नको, लावणीला खाचरात उतरायचं, पायाला कुठेतरी चिरलेलं असतं, उंदराचं मूत त्याच पाण्यात, आणि थोड्या दिवसांनी अंग मोडून ताप. पेशंट आला की रक्त घ्यायचं, मग सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी परत बोलवायचं. पहिल्या वर्षी सगळं एक्सेलमध्ये होतं, तीन लॅपटॉपवर तीन फायली. त्यातल्या एका लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन, म्हणजे आधी महिना मग तारीख, त्यामुळे ०५/०७ लिहिलं की ५ जुलैचा होणार ७ मे, आणि १२ तारखेच्या पुढचं काही लिहिलं की ती तारीखच राहायची नाही, नुसता मजकूर. फायली जोडल्या तर मे महिन्यात कडक उन्हात लेप्टोचे पेशंट! सर म्हणाले, "अरे हे काय, पाऊस पडायच्या आधीच?" आणि कुठल्या ओळीत कोणी काय टाकलं ते शोधायला काही मार्गच नाही.

मग एक्सेलऐवजी दुसऱ्या सॉफ्टवेअरचा शोध सुरू. ज्याला विचारावं तो रेडकॅप सांगतो, तेही स्टडीची माहिती भरायचंच सॉफ्टवेअर. चांगलंच आहे, अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ साली सुरू झालेलं, पण बरेच जण त्याला ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना उघडा) म्हणतात ते चूक. नफा न कमावणाऱ्या संस्थांना फुकट मिळतं, पण त्यासाठी संस्थेने करार करायचा असतो. आमच्या ऑफिसातून तो कागद सही होऊन बाहेर येईपर्यंत भात कापून झालं असतं, म्हणून ते सोडलं.

लिब्रेक्लिनिका म्हणजे ओपनक्लिनिका नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या कम्युनिटी एडिशनचा, म्हणजे उघड्या आवृत्तीचा, कोड घेऊन इतर लोकांनी पुढे चालू ठेवलेलं. लायसन एलजीपीएल, कोड उघडा, कोणाची परवानगी नको. ते चालायला खाली जावा, टॉमकॅट (सर्व्हर) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) लागतं. पुण्यातल्या भाच्याने दोन रविवार फोनवर बसून आमच्या जुन्या डेस्कटॉपवर उबंटू टाकून लावून दिलं, मी एकट्याने केलं असतं तर अजून टॉमकॅटच्या लॉगकडे बघत बसलो असतो. तेव्हा आयटीवालं माणूस ओळखीत नसेल तर वाटेला जाऊ नका, स्पष्ट सांगतो.

फॉर्म बनवायचा एक्सेलच्या ठरलेल्या साच्यात, प्रत्येक प्रश्नाला एक ओळ, आणि फाईल जुन्या एक्सएलएसमध्येच सेव्ह करायची, नवीन एक्सएलएसएक्स चालत नाही (यात माझी एक अख्खी दुपार गेली). पर्याय स्वल्पविरामाने वेगळे करायचे असतात, आणि मी शहाण्यासारखा एका पर्यायात "शेतात काम केलं, बूट नव्हते" असं लिहिलं. त्याचे झाले दोन पर्याय, पर्याय आणि त्यांना दिलेले आकडे जुळेनात, एरर. स्वल्पविरामाच्या आधी उलटी तिरकी रेघ टाकायची असते, हे कळेपर्यंत संध्याकाळ. मराठी अक्षरं मात्र व्यवस्थित दिसतात, मेनू सगळा इंग्रजीत.

पण ज्यासाठी मी हे सॉफ्टवेअर सोडणार नाही ती गोष्ट वेगळीच. फॉर्म पूर्ण म्हणून मार्क केला की नंतर आकडा बदलताना कारण लिहायला लागतं, आणि जुना आकडा, नवा आकडा, कोणी, कधी, सगळं तिथेच राहतं. एका पेशंटचं क्रिएटिनीन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ताची तपासणी) ८.२ होतं ते ०.८२ झालेलं दिसलं. आता हा फरक म्हणजे किडनी गेलेला माणूस आणि धडधाकट माणूस. या बदलांचा लॉग उघडला तर एन्ट्री करणाऱ्या मुलीचं नाव. ती रडायलाच लागली, "दादा, माझं नाव का येतंय तिथे, मी काय मुद्दाम केलंय का?" खाली कारण वाचलं तर तिनेच लिहिलेलं, लॅबने आधी फोनवर आकडा सांगितला, मग छापील रिपोर्ट आला त्यावरून दुरुस्त केला. रिपोर्ट काढून बघितला, तिचं बरोबर. एक्सेल असतं तर सगळं तिच्याच माथी आलं असतं. त्या दिवसापासून ती कारणाच्या चौकटीत चार-चार ओळी लिहिते, मला वाचायचा कंटाळा येतो पण बोलत नाही.

आता तक्रारी. नेट नसताना चालत नाही, वाडीवर रेंज कुठली? म्हणून घरभेटीसाठी आशाताईंच्या मोबाईलवर ओडीके कलेक्ट हे फॉर्म भरायचं ॲप दिलं, तेही ओपन सोर्स, २००८ च्या सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेलं. फॉर्म मराठीत, भरून मोबाईलमध्येच राहतो, रेंजमध्ये आलं की पाठवायचा. म्हणजे दोन सॉफ्टवेअर, आणि पेशंटचा नंबर दोन्हीकडे एकच ठेवायची जबाबदारी आपली. गणपतीत अठ्ठाविसावा दिवस आलेले पेशंट मुंबईच्या चाकरमान्यांच्या गडबडीत दवाखान्यात येतच नाहीत, तेव्हा ताईच घरी जाऊन भरून आणतात. शिवाय फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवला की नवीन व्हर्जन चढवायची, जुने पेशंट जुन्या व्हर्जनवर, त्यांना नव्यावर आणणं म्हणजे डोकेदुखी. चुकीचा आकडा भरला की अडवणारे चेक लावायचे तर ते एक्सएमएलमध्ये, म्हणजे कोडसारखं, लिहा. आम्ही तीनच लावलेत.

पुण्याहून एक जण बघायला आले, पहिला प्रश्न, "हे पार्ट ११ ला चालतं का?" म्हणजे इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डचा अमेरिकेच्या एफडीएचा नियम. लॉग, पासवर्ड, सह्या हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये आहे हो, पण व्हॅलिडेशनचे, म्हणजे सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणे चालतं हे दाखवणारे, कागद आपणच करायचे, आणि आमचा एक पासवर्ड तेव्हा मॉनिटरला चिकटवलेला होता, तो त्यांनी वाचून दाखवला.

रोज रात्री बॅकअप निघतो, तो पेनड्राईव्हवर टाकून दुसऱ्या इमारतीत ठेवतो, कारण खाऱ्या हवेने आमच्या सीपीयूचे दोन यूएसबी पोर्ट आधीच गंजून गेलेत. मृग जवळ आलाय आणि यूपीएसची बॅटरी अजून बदलायची आहे.