हंगेरियनमधील परवानगी आणि मनाई: कोणता प्रयोग कुठे निवडावा

हंगेरियन शिकू लागलेल्या माणसापुढे पहिल्या काही महिन्यांतच एक अडचण येते. "आत येऊ का?", "इथे फोटो काढले तर चालतील का?", "इथे गाडी लावू नका" अशी साधी वाक्ये बोलण्यासाठी त्या भाषेत किमान पाच मार्ग आहेत आणि पाठ्यपुस्तक ते वेगवेगळ्या धड्यांत, एकमेकांशी संबंध न दाखवता शिकवते. बहुतेक पुस्तके इंग्रजीतून समजावतात, आणि इंग्रजीतले 'कॅन', 'मे' आणि 'मस्ट नॉट' हे शब्द या बाबतीत फारसे उपयोगी पडत नाहीत. मराठी माणसाने इंग्रजीचा वळसा न घेता थेट मराठीवरून हंगेरियनकडे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मनाई कोण करत आहे, नियम, रीत, परिस्थिती की समोरचा माणूस, हा भेद मराठीही जवळजवळ त्याच जागी करते.

उच्चाराची एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. हंगेरियन लिपीत एकट्या 'एस'चा उच्चार 'श' होतो आणि 'एस-झेड' या जोडीचा 'स'. रोमन लिपीतले 'ए' (a) हे अक्षर ऱ्हस्व असेल तर त्याचा उच्चार आपल्या 'ऑ'जवळ जातो. म्हणून पुढे 'तिलोश' आणि 'सॉबॉद' असे लिहिले आहे. आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या उच्चारखंडावर पडतो.

'तिलोश' हा पाटीवरचा शब्द. 'पॉर्कोल्नि तिलोश' म्हणजे वाहने लावण्यास मनाई, 'दोहान्योझ्नि तिलोश' म्हणजे धूम्रपानास मनाई. हंगेरीत 1 जानेवारी 2012 पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानावर बंदी असल्यामुळे ही दुसरी पाटी नवख्याला फार लवकर पाठ होते. रचना दोन प्रकारची असते: एक तर क्रियापदाचे 'नि'कारान्त रूप (मराठीतल्या 'करणे'सारखे) आणि 'तिलोश', नाही तर नाम घेऊन 'तिलोश ऑ दोहान्यझाश'. नियम करणारा पडद्याआड असतो आणि वाचणारा कोणीही असू शकतो. मनाई करणे या अर्थाचे 'तिल्त' हे क्रियापद याच कुळातले आहे. हंगेरीचे साम्यवादी नेते यानोश कादार यांच्या राजवटीत सांस्कृतिक धोरणाची सूत्रे सांभाळणाऱ्या द्यॉर्द्य ऑत्सेल यांच्या नावाशी जोडलेली 'तीन त'ची विभागणी, म्हणजे तिल्तोत्त, त्यूर्त आणि तामोगॉतोत्त (मनाई केलेले, खपवून घेतलेले आणि पाठबळ दिलेले), जुन्या पिढीला आजही आठवते. 'तिलोश'मागे जी सरकारी करडी छटा आहे ती त्यावरून लक्षात यावी. मित्राला "इथे बसू नकोस" सांगताना हा शब्द वापरला तर गंमत म्हणून तो खपेल, एरवी नाही. शिकणाऱ्याने 'तिलोश' वाचता येईल इतपत शिकावा आणि बोलण्यासाठी दुसरा शब्द निवडावा.

तो दुसरा शब्द 'सॉबॉद'. त्याचा मूळ अर्थ मोकळा, स्वतंत्र; बुडापेस्टच्या हिरव्या सॉबॉच्चाग पुलाच्या नावात, म्हणजे स्वातंत्र्य पुलाच्या नावात, तोच आहे. दारावर टकटक केल्यावर आतून "सॉबॉद!" असा आवाज येतो, म्हणजे या आत, रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून "सॉबॉद?" विचारता येते, आणि नाचासाठी कोणाला आमंत्रण देतानाही हाच शब्द पुरतो. परवानगीच्या वाक्यात त्यापुढे 'नि'कारान्त रूप येते: "सॉबॉद इत्त फेन्यकेपेझ्नि?", म्हणजे इथे छायाचित्रे काढलेली चालतील का? नकारात 'नेम सॉबॉद' होते, आणि त्याला मराठीतला सर्वांत जवळचा प्रयोग 'करू नये' हाच आहे. नियम, रीतभात, प्रकृती यांपैकी कोणत्याही कारणाने जे करू नये ते 'नेम सॉबॉद'. मात्र तान्ह्या मुलाला किंवा कुत्र्याला दटावतानाही हंगेरियन माणूस नेमके हेच दोन शब्द उच्चारतो, त्यामुळे मोठ्या माणसाला नुसतेच "नेम सॉबॉद!" म्हटले तर ते शिकवणी दिल्यासारखे वाटते.

'सॉबॉद'चा खरा फायदा असा की त्याला माणूस जोडता येतो. 'नि'कारान्त रूपाला पुरुषवाचक प्रत्यय लागतात: दोहान्योझ्नोम (मी), दोहान्योझ्नोद (तू), दोहान्योझ्निऑ (तो, ती किंवा आदरार्थी तुम्ही). "नेकेम नेम सॉबॉद दोहान्योझ्नोम" म्हणजे मी धूम्रपान करू नये, मला ते वर्ज्य आहे. देब्रेत्सेन, सेगेद किंवा पेच या हंगेरीतल्या शहरांत इंग्रजी माध्यमातून वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना रुग्णांशी हंगेरियनमध्येच बोलावे लागते. त्यांनी "नेम सॉबॉद दोहान्योझ्निऑ" हा साचा इतर सगळ्यांआधी घोटावा. त्याच वेळी 'नेम केल्ल' वेगळे ठेवावे. "नेम सॉबॉद बेमेन्नेद" म्हणजे तू आत जाऊ नये, तर "नेम केल्ल बेमेन्नेद" म्हणजे तुला आत जायची गरज नाही. 'नये' आणि 'गरज नाही' यांची मराठीत कधी गल्लत होत नाही, ती इंग्रजीतून विचार केला की होते.

'लेहेत' हा सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत संदिग्ध पर्याय. "इत्त लेहेत फेन्यकेपेझ्नि?" असे विचारले की काम भागते, क्रियापद चालवावे लागत नाही, कोणाला उद्देशून बोलतो आहोत हेही ठरवावे लागत नाही. मराठीतल्या 'करता येते का?' यासारखेच ते आहे: परवानगी नाही म्हणून करता येत नाही, की दार बिघडले आहे म्हणून, हे 'नेम लेहेत'वरून कळत नाही. तिकीट खिडकीवरचे "शॉय्नोश नेम लेहेत" (दुर्दैवाने ते शक्य नाही) हे उत्तर त्या संदिग्धतेचा पुरेपूर लाभ घेते. पहिल्या सहा महिन्यांसाठी मी प्रश्न विचारायला हाच प्रयोग सुचवेन.

त्यानंतर मात्र '-हॉत' किंवा '-हेत' प्रत्ययाकडे वळलेच पाहिजे, कारण स्वतःसाठी परवानगी मागण्याची स्वाभाविक रीत तीच आहे. स्वरसंगतीनुसार, म्हणजे धातूतल्या स्वरांशी जुळेल असा, दोहोंपैकी एक प्रत्यय धातूला लागतो आणि त्यापुढे पुरुषाचा प्रत्यय येतो: "बेमेहेतेक?" म्हणजे मी आत जाऊ का? विशिष्ट कर्म असेल तर शेवट बदलतो, दुकानात वस्तू हातात घेण्यापूर्वी "मेग्नेझ्हेतेम?" म्हणजे ही पाहू का? असे विचारतात. उत्तर बहुधा "पेर्से" (अर्थातच) किंवा "चॉक तेश्शेक" (खुशाल) असे मिळते. खुद्द 'लेहेत' हेही 'असणे' या अर्थाच्या क्रियापदाचे याच प्रत्ययाने झालेले रूप आहे. हा प्रत्यय 'तुद' या क्रियापदाहून वेगळा ठेवावा. 'तुद' म्हणजे अंगी कला असणे. बुडापेस्टच्या सेचेन्यि स्नानगृहातल्या, टोपी सक्तीची असलेल्या पोहण्याच्या तलावाकाठी टोपीविना उभा असलेला माणूस "तुदोक ऊस्नि, दे नेम ऊस्हॉतोक" असे म्हणू शकतो: मला पोहता येते, पण मला पोहायची परवानगी नाही.

राहिला 'ने' आणि आज्ञार्थ. विधानातला नकार 'नेम' आणि आज्ञेतला नकार 'ने', ही विभागणी मराठीतल्या 'नाही' आणि 'नको' यांच्याशी इतकी जुळते की वेगळे काही शिकावेच लागत नाही. "ने मेन्य बे!" म्हणजे आत जाऊ नकोस, "ने मेन्येन बे!" म्हणजे आत जाऊ नका. इथे मनाई करणारा मी असतो, म्हणून अनोळखी माणसाशी बोलताना आधी 'केरेम' (कृपया) जोडणे बरे. 'बे' (आत) हा उपसर्ग 'ने'च्या आधी आणून "बे ने मेन्य!" म्हटले की तीच आज्ञा सक्त ताकीद होते: खबरदार, आत गेलास तर! हे रूप ओळखता आले तरी पुरे.

शब्दक्रमाची एक खोच या पर्यायांमध्ये फरक करते आणि ती पुस्तकांत क्वचितच एकत्र सापडते. 'बेमेन्नि'मधला 'बे' हा उपसर्ग 'लेहेत' आणि 'सॉबॉद' यांच्या पुढे उडी मारतो: "बे लेहेत मेन्नि?" नकार आला की तो परत चिकटतो: "नेम लेहेत बेमेन्नि." 'तिलोश'ला मात्र ही उडी चालत नाही; "तिलोश बेमेन्नि" एवढेच शुद्ध. ज्याला हा नियम जड वाटेल त्याने सुरुवातीला 'फेन्यकेपेझ्नि'सारखी उपसर्ग नसलेली क्रियापदेच वापरावीत.

भूतकाळात 'नेम वोल्त सॉबॉद' म्हणजे तेव्हा परवानगी नव्हती. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल कोणाला बोल लावायचा असेल तर "नेम लेत्त वोल्नॉ सॉबॉद बेमेन्नेद" असे म्हणावे लागते, म्हणजे तू आत जायला नको होतेस. हे वाक्य पहिल्या वर्षात लागण्याची शक्यता कमीच, आणि ज्याला लागेल त्याचे हंगेरियन माणसांशी नाते बोल लावण्याइतके जवळचे झालेले असेल.